कुंदाच्या गाण्याची वेळ

कुंदाच्या नवऱ्याचा, अरविंदचा, फोन आला तेव्हा मी फ्रीजवर लावायची आठवड्याची यादी लिहीत होते. सोमवार, दातांचे डॉक्टर. मंगळवार, लायब्ररीची पुस्तके परत. बुधवारच्या रकान्यात नुसते 'कुंदा' लिहिले होते, कारण बुधवारी दुपारी ती चहाला यायची आणि कशासाठी ते लिहावे लागत नसे. "वहिनी," अरविंद म्हणाला, "कुंदा गेली. सकाळी उठलीच नाही." मी "अरे देवा" म्हटले, "येतेच" म्हटले, फोन ठेवला... आणि हातातल्या पेन्सिलीने बुधवारचे तिचे नाव एका सरळ रेघेत खोडले. मग रडले. ईशा, निहार, तुमची आजी अशीच आहे. आधी यादी, मग रडणे.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या मंडळाने देवळाच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलचीच नव्हे, ऑरोरा आणि शाम्बर्गकडचीही मंडळी आली होती. खुर्च्या कमी पडल्या. माझ्या वेळी पुरतील, असे मनात येऊन गेले. मंडळाची हल्लीची अध्यक्ष अमृता बोलायला उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "कुंदाकाकू म्हणजे... काय सांगू! अख्ख्या अमेरिकेतर्फे काकूंचं गाणं सिलेक्ट झालं, टीव्हीवर लाइव्ह जायचं, आणि काकू स्वतःच्याच गाण्याला लेट!" सगळा हॉल रडता रडता हसला. अरविंद बुटांकडे बघत होता. मीही हसले. आठ वर्षे या गोष्टीला मी हसत आले आहे. तुम्हालाही ती माझ्याकडूनच कळली. सिडनीहून तुम्ही सुट्टीत आलात की कुंदाआजीला दारातच चिडवायचात, "आजी, यू मिस्ड युअर ओन साँग!" आणि ती तुमचे गाल ओढत म्हणायची, "हो रे बाबांनो, झोपले होते मी."

ती झोपलेली नव्हती. ती गोष्ट खरी नाही, आणि हे लिहायचे कारण तेवढेच आहे. तुमची आई तुम्हाला हे वाचून दाखवील. इंग्रजीतही लिहिता आले असते. माझे सगळे शिक्षण इंग्रजीतून झाले. पण इंग्रजीत लिहिले की मी उगाच शहाणी दिसते. शिवाय हे मंडळाच्या मासिकाच्या पुरवणीत छापून येणार आहे, आणि ती आमच्यातले सगळे वाचतात. हॉलमध्ये जे हसले त्यांनीही वाचावे.

कुंदा मला पहिल्यांदा दिसली शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, एका गुजराती किराणा दुकानात. तेव्हा आम्ही दोघी तिशीच्या आतबाहेर होतो. ती कोथिंबिरीच्या जुड्या वरखाली करत दुकानदाराशी चक्क मराठीत भांडत होती, "अहो, ही काय कोथिंबीर म्हणायची? हिला वासच नाही!" आणि तो हसत हसत तिला गुजरातीत उत्तरे देत होता. मी मध्ये पडून दोन्हीकडचे इंग्रजीत समजावून सांगितले. दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू त्यांचे छान चालले होते आणि मीच कुठून उपटले. निघताना त्याने तिच्या पिशवीत एक जुडी फुकट टाकली. माझ्या नाही. आमची मैत्री त्या दिवशी सुरू झाली आणि मला वाटते बाकीचेही त्याच दिवशी सुरू झाले.

ती बार्शीची. मॅट्रिकनंतर कॉलेजची दोन वर्षे, मग लग्न, मग अरविंदबरोबर शिकागो. मी पुण्याची, एम. ए., शिवाय गाण्याच्या परीक्षा दिलेली, तानपुरा घेऊन अमेरिकेत आलेली. आम्ही दोघींनी नेपरव्हिलमध्ये एकाच वर्षी घरे घेतली, गाडीने दहा मिनिटांच्या अंतरावर. माझ्याकडे मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांच्या फायली, वर्षवार. तिच्याकडे कुठल्याही वेळी कोणीतरी जेवत बसलेले. नवीन आलेले विद्यार्थी, बाळंतीण, नोकरी गेलेला कोणी. मंडळाचे हिशेब, हॉलचे बुकिंग, पाहुण्यांची विमाने, सगळे मी बघायचे, आणि दार उघडून लोक मलाच विचारायचे, "कुंदाताई आल्या का?" तुम्हीसुद्धा. निहार चार वर्षांचा असताना माझ्या मांडीवर बसून म्हणाला होता, "व्हेअर्स द फन आजी?" मी हसून कुंदाला फोन लावून दिला. 

तिचा एक दोष मात्र सर्वमान्य होता. तिला वेळ कळत नसे. कार्यक्रम सहाचा असला तर ती साडेसहाला दारात, केसात गजरा, हातात झाकलेले पातेले, आणि तोंडाने, "अगं निघतच होते, तेवढ्यात..." म्हणून मंडळात एक पद्धतच पडली. कुंदाला सगळे अर्धा तास आधीची वेळ सांगायचे. ती पद्धत मीच पाडली. तिला ती ठाऊक होती की नाही कोण जाणे. भारतातल्या वेळेचे साडेदहा-साडेअकरा तासांचे गणित तर तिने कधी केलेच नाही. बार्शीला आई होती, नव्वदीला टेकलेली. ती रोज रात्री निजायच्या आधी हिला फोन करायची, तेव्हा इथे सकाळ असायची. "मला कशाला गणित?" कुंदा म्हणायची. "आईचा फोन आला की समजायचं, तिची रात्र झाली."

आठ वर्षांपूर्वी भारतातल्या एका मराठी वाहिनीने देशोदेशीच्या मराठी मंडळींसाठी गाण्यांची स्पर्धा जाहीर केली. एका देशाचे एकच गाणे. शब्द नवे, चाल नवी, लांबी तीन मिनिटे. प्रेक्षकांनी मते द्यायची, पण स्वतःच्या देशाला नाही. अमेरिकेतल्या मंडळांनी आपापसात ठरवले, की प्रत्येक मंडळाने एक गाणे पाठवायचे आणि जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या मंडळाने नेमलेल्या परीक्षकांनी त्यातून अमेरिकेचे निवडायचे. आमच्या मंडळाची सचिव मी. फॉर्म, नियम, रेकॉर्डिंग, सगळे माझ्याकडे आले. आणि खरे सांगायचे तर मला वाटले, अखेर हे माझ्यासाठी आले. चाळीस वर्षे मी इतरांच्या गाण्यांना माइक लावून दिले होते. मी तीन आठवडे बसून एक गाणे लिहिले. सागर, क्षितिज, मायभूमी, सगळे जागच्या जागी होते. यमके निर्दोष होती. चाल मी यमन रागात बांधली.

कुंदाने गाणे लिहिलेच नव्हते. एका बुधवारी माझ्या ओट्यापाशी उभी राहून कप विसळता विसळता ती काहीतरी गुणगुणत होती. मी विचारले, "हे काय गं?" म्हणाली, "काही नाही. आईचा फोन ठेवताना म्हणते मी. तिला झोप येत नाही हल्ली, म्हणून." मग तिने ते पुरते म्हटले, माझ्याकडे पाठ करून.

नीज गं आई, इथे उजाडलं,
तुझं काम मी हाती घेतलं,
तू विझवलास तो दिवा दारचा,
ऊन होऊन माझ्या अंगणी आला.

अंगाई. मुलीने आईला म्हटलेली, पृथ्वीच्या पलीकडून. ओळी चार-सहाच, चाल जात्यावरच्यासारखी, दोन सुरांत खालीवर. मी नळ बंद केला. सागर आणि क्षितिज घेऊन मी तीन आठवडे बसले होते, आणि ही बाई कप विसळताना...

"हे पाठवूया," मी म्हटले. मीच म्हटले, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. ती हसायला लागली. "नलूताई, खुळी का काय तू! हे काय गाणं आहे?" मी ते उतरवून घेतले, माझ्या सुवाच्य अक्षरात. फॉर्म मी भरला. एक दुरुस्ती सुचवली, 'उजाडलं' नको, 'उजाडले' कर, छापील दिसेल. ती म्हणाली, "आईला उजाडले म्हणू? ती विचारेल, ही कोण बाई बोलतेय?" मग तसेच ठेवले. मंडळाच्या कमिटीने नावे झाकून दोन्ही गाणी ऐकली. निर्णय पाच मिनिटांत झाला. माझ्या गाण्याबद्दल एक गृहस्थ म्हणाले, "हेही अगदी व्यवस्थित आहे." महिन्याभराने अल्फारेटाहून फोन आला, की अमेरिकेचे गाणे तेच. फोन मीच घेतला, सचिव म्हणून. कुंदाला मीच कळवले. ती म्हणाली, "नलूताई, हे सगळं तुझ्यामुळं." ते खरेच होते, आणि तेच मला सहन होत नव्हते.

चित्रीकरण आमच्या बेसमेंटमध्ये झाले. कुंदा मध्यभागी, तिचा तो न शिकलेला, किंचित घोगरा आवाज. मागे कोरसमध्ये सात बायका. मी दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरी. ती फीत तुम्ही पाहिली आहे. ईशा, तू एकदा विचारले होतेस, "आजी, यू लुक मॅड, का?" मी म्हटले होते, दिव्याचा प्रकाश डोळ्यांवर येत होता.

मूळ गाणे आधीच पाठवलेले होते. अंतिम फेरीच्या दिवशी प्रत्येक देशाचे गाणे दाखवायच्या आधी गीतकाराशी मिनिटभर थेट बोलायचे, एवढेच बाकी होते. त्या एका मिनिटावर कुंदाचा सगळा जीव होता. अरविंदच्या बायपासमुळे तीन वर्षे तिला बार्शीला जाता आले नव्हते. आईच्या डोळ्यांत फारसे उरले नव्हते. फोनवरचा एवढासा चेहरा तिला दिसत नसे. म्हणून भावाने भिंतभर टीव्ही आणला होता. गल्लीतल्या बायका जमणार होत्या. आईने विचारले होते, "त्याच्यात तू मोठी दिसशील ना गं?" कुंदाने आईचे जुने इरकल काढून ठेवले होते, हिरवे, लाल काठाचे. "रंग कळेल तिला," मला म्हणाली. "तोंड नाही कळलं तर लुगडं कळेल."

कार्यक्रम भारतात रविवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होणार होता. वाहिनीची चिठ्ठी ऑक्टोबरात आली तेव्हा मी हिशेब केला, आपल्याकडे सकाळी नऊ. इंटरनेट आमच्याकडे चांगले, म्हणून कुंदाने आमच्याकडे यायचे ठरले. पद्धतीप्रमाणे मी तिला अर्धा तास आधीची वेळ सांगितली, "साडेआठला ये, कुंदा. उशीर नको." मंडळाच्या ग्रुपवर नंतर कोणीतरी कार्यक्रमाची वेळ टाकली होती, पण ती ग्रुप कधी वाचत नसे. "नलूताई सांगते ना मला," म्हणायची.

आता नीट ऐका. तुमच्याकडे सिडनीत घड्याळे उलट्या ऋतूत बदलतात, म्हणून सावकाश सांगते. आमच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात. भारतातली जात नाहीत. तो नेमका तोच रविवार होता. म्हणजे साडेसात वाजता भारतात कार्यक्रम सुरू होईल तेव्हा आपल्याकडे नऊ नव्हे, आठ वाजलेले असणार. इथे राहणाऱ्या आमच्या प्रत्येकाकडून ही चूक एकदा तरी झाली आहे. कोणी भावाला भलत्या वेळी उठवले आहे, कोणाचा मुलाखतीचा फोन हुकला आहे. माझी कधीच झाली नव्हती. ऑक्टोबरात झाली.

शनिवारी संध्याकाळी जेवणे झाल्यावर मी नेहमीप्रमाणे घरातली घड्याळे मागे लावत फिरत होते. स्टोव्हचे घड्याळ लावताना बोट बटणावर असतानाच मला कळले. कार्यक्रम आठला आहे. अमेरिकेचा नंबर तिसरा, म्हणजे सव्वाआठ. कुंदा साडेआठला येणार. फोन माझ्या हातापासून दोन फुटांवर ओट्यावर पडला होता. सात वाजून गेले होते, ती जागी होती, अरविंद जागा होता. एक वाक्य पुरले असते.

मी फोन उचलला नाही. मी स्वतःला सांगितले, तिच्या लक्षात येईलच. मग सांगितले, कोणीतरी तिला सांगेलच. मग सांगितले, सकाळी करते. आणि मग मी वर गेले, कपाटातून माझी मोतिया रंगाची रेशमी साडी काढली आणि तिला इस्त्री केली... मी फक्त लिंक जोडून देणार होते. लिंक जोडणाऱ्या बाईला रेशमी साडी कशाला लागते? तुमच्या आजोबांनी दारातून डोकावून विचारले, "कुंदाला वेळ सांगितलीस ना?" मी म्हटले, "कधीच." त्या शब्दात खोटे काहीच नव्हते.

सकाळी पावणेआठला वाहिनीतल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, लिंकवर या. कुंदाताई आहेत ना?" मी म्हटले, "येतायत." मग मी कुंदाच्या घरी फोन केला. हो, केला. अरविंदने उचलला. "शॉवर घेतेय, वहिनी. साडेआठला पोचते म्हणाली." मी म्हटले, "जरा लवकर पाठव." 'आत्ता' म्हटले नाही. 'तासाचा घोटाळा झालाय' म्हटले नाही. 'जरा' म्हटले.

आठ वाजून दहा मिनिटांनी ती मुलगी घाबरी होऊन म्हणाली, "मॅडम, पुढचा नंबर आपला. कुंदाताई नाहीत तर तुम्हीच बोला ना प्लीज. कोणीतरी हवंय." आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मी खुर्चीत बसले. पदर आधीच नीट होता. पडद्यावर निवेदक दिसला, हसरा, चकचकीत, म्हणाला, "अमेरिकेच्या कुंदाताई अजून उठलेल्या दिसत नाहीत!" प्रेक्षागृह हसले. आणि मी बोलले. मिनिटभर, एकदाही न अडखळता, छान शुद्ध मराठीत. मातृभाषा, दूर देश, स्त्रीमन. गाणे कसे सुचले तेही सांगितले. कप विसळण्याचे सांगितले नाही. मग गाणे सुरू झाले, आणि मी कानांतले इअरफोन काढून ठेवत असताना वर दार वाजले.

कुंदा जिन्याने खाली आली. अंगात जाडजूड जॅकेट, त्याखाली हिरवे इरकल, केस अजून ओले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की... "नलूताई, बघ! पाच मिनिटं आधी आले!" भिंतीवरच्या घड्याळात आठ पंचवीस झाले होते. मग पडद्यावर तिला ती स्वतःच दिसली, गाताना, शेवटच्या ओळीवर. तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या साडीकडे पाहिले. "झालं?" एवढेच म्हणाली. मी त्या मुलीला विचारले, पुन्हा जोडता येईल का. ती म्हणाली, "नाही हो मॅडम, दुबई लाइनवर आहे."

कुंदा जॅकेट न काढता खुर्चीच्या काठावर बसली. थोड्या वेळाने तिचा फोन वाजला, बार्शीहून. स्पीकरवर नव्हता, पण म्हातारीचा आवाज मोठा होता. "गाणं ऐकलं गं. लई गोड. पण ती चष्म्याची बाई कोण होती? तू कुठं होतीस?" कुंदा म्हणाली, "आई, ती माझी मैत्रीण. मला उशीर झाला." मग म्हणाली, "चुकलंच माझं." मी तिथेच होते. तीन हातांवर. मी काहीही बोलले नाही.

तेव्हापासून ती गोष्ट तयार झाली. दुपारपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर आली, 'कुंदाकाकू रॉक्स, लेट टू हर ओन साँग', हसरे चेहरे शंभर. पुण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, "नलू, किती छान बोललीस!" तुम्ही दुसऱ्या दिवशी सिडनीहून मत दिलेत, कुंदाआजीला, आणि मला सांगितलेत तेव्हा मी "शाब्बास" म्हटले. सिंगापूरचे गाणे पहिले आले, आपले तिसरे. बार्शीची आई फेब्रुवारीत गेली. कुंदाला तिकीट मिळून ती पोचेपर्यंत सगळे उरकले होते. त्या खेपेला शिकागोच्या विमानतळावर तिला सोडायला मीच गेले. वाटेत ती म्हणाली, "रंग कळला असता तिला." दुसरे काही नाही. मी आरशात बघून लेन बदलली.

शोकसभेनंतरच्या आठवड्यात मी डबा घेऊन अरविंदकडे गेले. मुगाची खिचडी आणि कढी. तो एकटाच होता, टेबलावर टपाल निवडत बसला होता. मी उभ्यानेच म्हटले, "अरविंद, त्या दिवशी कुंदाला उशीर झाला नव्हता. मी वेळ चुकीची सांगितली होती. घड्याळाचा तास धरायचा राहिला होता."

"माहितीये, वहिनी," तो म्हणाला. "तिलाही माहीत होतं."

मी खाली बसले. तो सांगू लागला, माझ्याकडे न बघता. "त्या दिवशी ती घरी आली तेव्हा मीच म्हटलं, अगं, घड्याळ बदललं ना, वहिनींचा हिशेब चुकला, तू तर वेळेवर गेली होतीस. मी ग्रुपवर टाकणार होतो तसं. तिनं फोन काढून घेतला माझ्या हातातून. म्हणाली, कुणाला बोलायचं नाही. मला उशीर झाला तर लोक हसतात. नलूताई चुकली तर लोक गप्प होतील. तिला ते सोसायचं नाही."

मी कढीचे झाकण काढले आणि पुन्हा लावले. आठ वर्षे लोक तिला हसले, आणि ती हसवत राहिली. माझ्यासाठी. आणि सांगू का, त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटले? कृतज्ञता नव्हे. मला वाटले, इथेही. इथेही ही पुढे. मरूनसुद्धा.

पण तिने पदरात घेतली ती माझी चूक. शनिवारची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ते ओझे तिने उचलले नव्हते, कारण ते तिला दिसलेच नव्हते. मी इथेच थांबू शकले असते. अरविंद मला कढी गरम करून देणार होता. मी म्हटले, "अरविंद, मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. घड्याळ लावताना. मी फोन केला नाही."

तो टपाल निवडायचा थांबला. म्हणाला, "मुद्दाम?"

"हो."

"का?"

"मला तिच्या जागी बसायचं होतं."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "सासूबाई विचारत होत्या शेवटपर्यंत," तो म्हणाला. "ती चष्म्याची बाई कोण." मग उठून त्याने दार उघडले. रागाने नाही, जसे पाहुण्याला उघडतात तसे. "डबा राहू दे, वहिनी. नंतर पाठवतो." मी गाडीत येऊन बसले.

दोन आठवडे त्याच्याकडून काही आले नाही. डबाही नाही. मी फोन केला नाही. तो हक्क मी त्याच्या टेबलावर ठेवून आले होते.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नव्हती, कारण तोपर्यंत मला तिचा अर्थच कळला नव्हता. त्या नोव्हेंबरनंतर दर वर्षी, मार्चमध्ये एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा, घड्याळ बदलायच्या शनिवारी संध्याकाळी कुंदाचा फोन यायचा. "नलूताई, काटा फिरवलास का?" मी तडकून म्हणायचे, "मी विसरेन होय?" ती हसायची आणि ठेवून द्यायची. आठ वर्षे मला वाटत होते, हिला कळत नाही म्हणून मला विचारते. ती मला आठवण करून देत होती. मी पुन्हा चुकू नये म्हणून. की चिमटा काढत होती? थोडा काढतही असेल. काढू दे. तेवढा तिचा हक्क होता.

गेल्या शनिवारी पुन्हा घड्याळे मागे गेली. संध्याकाळी सगळी लावून झाली आणि मी ओट्यापाशी उभी राहिले, काही काम नसताना. साडेसहाला फोन वाजला. अरविंद.

"वहिनी, काटा फिरवलात का?"

मी स्टोव्हच्या घड्याळाकडे पाहिले.

"ती विचारायची ना दर वेळी," तो म्हणाला. आवाज कोरडाच होता. "मी शेजारी बसलेला असायचो. म्हणून केला. बाकीचं... बाकीचं मला अजून जमलेलं नाही."

"फिरवला," मी म्हटले. "तू?"

"स्टोव्हचा जमत नाहीये. ती लावायची."

मी त्याला फोनवर सांगितले, कुठले बटण किती वेळ दाबून धरायचे. त्याने दाबले, पहिल्यांदा चुकला, पुन्हा दाबले. "झालं," म्हणाला आणि ठेवला.

मुलांनो, कुंदाआजी त्या दिवशी पाच मिनिटे आधी आली होती. पुढच्या वेळी कोणी ती गोष्ट सांगून हसले तर त्यांना हे सांगा. आणि तुमच्या आजीने आदल्या संध्याकाळी काय केले, तेही सांगा. आता सगळे कबूल करतेच आहे तर हेही लिहिते. अरविंदचा फोन ठेवल्यावर मला दुःख झाले, लाज वाटली, आणि त्या दोहोंच्या खाली ते जुने, ओळखीचे टोचलेच. ती गेल्यावरही तिच्या नावाने कोणीतरी फोन करते. माझ्यामागे, माझ्या कुठल्या सवयीसाठी, कोण कोणाला फोन लावील?